उतरलेल्या साखळीची गोष्ट : सायकलचे गिअर आणि श्रमाचे श्रेय

चेन पडणे हा सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाच्या अनुभवातला प्रसंग आहे. चढावर जोर लावलेला असताना पायडल एकाएकी हलके होते, पाय नुसताच गरकन फिरतो आणि मग रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून, बोटे काळी करून घेत साखळी पुन्हा दात्यांवर चढवावी लागते. यंत्राच्या दृष्टीने हा निव्वळ बिघाड. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही कारागिरांनी या बिघाडालाच पद्धतीचे रूप दिले. साखळी एका दातेरी चक्रावरून मुद्दाम पाडायची आणि शेजारच्या चक्रावर चढवायची, अशी ती पद्धत. आगगाडी रुळावरून घसरण्यासाठी फ्रेंचमध्ये जे क्रियापद आहे, त्यावरून या साधनाला 'देरायर', म्हणजे 'रुळावरून उतरवणारा' हे नाव मिळाले. इंग्रजीने ते 'डिरेलर' असे उचलले आणि इंग्रजीमार्गे ते आपल्याकडे आले.

या साधनाला त्याच्या मायदेशातल्या सर्वांत प्रतिष्ठित शर्यतीत, 'तूर द फ्रान्स'मध्ये, मुक्त प्रवेश मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. तोपर्यंतच्या साडेतीन दशकांत फ्रान्समध्ये जो वाद झाला तो वरकरणी दातेरी चक्रांविषयी होता. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटू नये. साधन सोपे झाले की कर्त्याचे श्रेय उणावते का? आणि ते उणावते की नाही, हे ठरवणार कोण? योगायोग असा की, या इतिहासातली तीन ठळक माणसे व्यवसायाने किंवा वृत्तीने संपादक होती. त्यामुळे गिअरचा इतिहास जितका कार्यशाळांमध्ये घडला, तितकाच तो नियतकालिकांच्या पानांवरही घडला.

वादाकडे वळण्यापूर्वी गिअर म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट करून घ्यायला हवे. पुढच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्याला १६ असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीन वेळा फिरते. मागच्या चक्राला २४ दाते असतील तर दोनच वेळा. पहिल्या प्रकारात प्रत्येक फेऱ्यागणिक अंतर जास्त कापले जाते, पण पायावर भार अधिक येतो. दुसऱ्यात भार कमी होतो आणि त्या मानाने पाय जास्त वेळा फिरवावा लागतो. गिअर शक्ती निर्माण करत नाही. डोंगराची उंची तेवढीच राहते, ती चढायला लागणारे एकूण कामही जवळपास तेवढेच राहते. शरीराला झेपेल अशा लहान घासांत ते काम वाटून देणे, एवढेच गिअरचे कार्य. ही साधी गोष्ट वादात सतत दृष्टीआड होत राहिली, म्हणून ती आरंभीच नोंदवून ठेवतो.

सुरुवातीच्या काळात या वाटणीचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दुतोंडी चाक. मागच्या चाकाच्या एका बाजूला सपाट रस्त्यासाठी लहान चक्र आणि दुसऱ्या बाजूला चढासाठी मोठे चक्र बसवलेले असे. घाट सुरू झाला की स्वाराने खाली उतरायचे, नट सैल करायचे, चाक काढून उलटे बसवायचे आणि पुढे निघायचे. माथ्यावर पुन्हा तेच. दुसरा उपाय फ्रान्समधल्या सेंत-एतियेन या औद्योगिक शहरात लोकप्रिय झाला. 'इरोंदेल' या सायकलींवर मिळणाऱ्या 'रेत्रो-दिरेक्त' पद्धतीत पायडल पुढे मारले की वरचा गिअर लागे आणि उलट दिशेने मारले की खालचा. सायकल दोन्ही वेळा पुढेच जाई. चढावर उलटे पायडल मारत पुढे सरकणारा स्वार पाहणाऱ्याला विचित्रच वाटत असणार, पण यंत्र म्हणून ही रचना अतिशय साधी व टिकाऊ होती.

याच सुमारास इंग्लंडमध्ये वेगळा विचार रुजत होता. साखळीला हातही न लावता सगळी उलाढाल मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे तुंब्याच्या आत, घडवून आणायची. आपल्या वाचकांपैकी काहींनी जुन्या रॅले सायकलीवर 'स्टर्मी-आर्चर' हे नाव कोरलेला फुगीर हब पाहिला असेल. त्याच्या आत एक छोटी ग्रहमाला असते. मध्यभागी आसाला पक्के केलेले सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी चार ग्रहचक्रे आणि या सर्वांना वेढणारे, आतून दाते असलेले कडे. १९३६ सालापासून बनू लागलेल्या 'एडब्ल्यू' या प्रसिद्ध हबमध्ये सूर्यचक्राला २० दाते आणि कड्याला ६० दाते असतात. साखळीने ग्रहचक्रांचा पिंजरा फिरवला आणि चाकाला गती कड्याकडून मिळाली, तर चाक चार-तृतीयांश पटीने वेगात फिरते. भूमिका उलट केल्या, म्हणजे कडे फिरवून पिंजऱ्याकडून गती घेतली, की तीन-चतुर्थांश पटीने. मधल्या गिअरमध्ये साखळीची गती जशीच्या तशी चाकाला मिळते. स्वाराला यातले काहीच दिसत नाही. हँडलवरची कळ सरकवायची, एवढेच त्याचे काम. सगळे दाते तेलात बुडालेले आणि पोलादी कवचात सुरक्षित असतात. पावसाळी हवेच्या, रोज कामावर जाण्यासाठी सायकल वापरणाऱ्या देशाला शोभेशी ही रचना होती.

या हबच्या नावामागची कथा ग्रंथकर्तृत्वाच्या वादांची आठवण करून देणारी आहे. हेन्री स्टर्मी हा इंग्लंडमधल्या सायकल-पत्रकारितेचा एक आद्य संपादक. पुढे १८९५ साली निघालेल्या 'द ऑटोकार' या मोटारविषयक नियतकालिकाचाही तो पहिला संपादक झाला. त्याने तीन वेगांच्या हबचे पेटंट घेतले होते. जेम्स आर्चरच्या नावेही एक पेटंट होते, आणि रॅले कंपनीचे मालक फ्रँक बोडन यांनी १९०२ च्या सुमारास दोन्ही मिळवून उत्पादनाला हात घातला. परंतु आर्चरच्या नावावरची रचना प्रत्यक्षात विल्यम रायली या अभियंत्याची होती. रायलीने त्याआधी दोन वेगांचा हब तयार केला होता, आणि जुन्या कंपनीशी झालेल्या कराराने त्याचे हात बांधलेले होते. नव्या रचनेवर स्वतःचे नाव घातले असते तर तिचे हक्क त्या कंपनीकडे गेले असते, म्हणून पेटंट सहकाऱ्याच्या नावे निघाले. लक्षावधी हबांवर दोन नावे कोरली गेली, त्यांत रायलीचे नाव नव्हते. टोनी हॅडलंड यांच्यासारख्या सायकल-इतिहासकारांच्या संशोधनातून ते फार उशिरा पुढे आले.

दुसरा संपादक सेंत-एतियेनचा. पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) मुळात रेशमाचा व्यापारी होता. १८८७ साली त्याने सायकलला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. तेच पुढे 'ल सिक्लीस्त' या नावाने प्रसिद्ध झाले. त्यात तो 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिही, आणि आज तो त्याच नावाने ओळखला जातो. सायकलवरून दूरचा प्रवास करावा, तोही मजेत, भुकेपूर्वी खाऊन आणि थकण्यापूर्वी थांबून, असा त्याचा उपदेश असे. शर्यतीशी त्याला फारसे देणेघेणे नव्हते. त्याच्या शहरालगतच रेप्युब्लिक नावाची खिंड आहे. तो चढ हीच त्याची प्रयोगशाळा. तिथे एकदा तोंडात पाइप धरलेला एक तरुण त्याला सहज मागे टाकून गेला आणि त्यामुळे तो गिअरच्या विचारात पडला, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, त्यानंतरची कित्येक वर्षे त्याने पुढे दोन चक्रे लावून, दोन्ही अंगांना साखळ्या लावून, नाना तऱ्हेचे हब वापरून पाहिले आणि आपले निष्कर्ष अंकामागून अंकात छापले. वाचकही आपापल्या सायकलींचे अनुभव लिहून पाठवत. या मंडळींनी अनेक गिअरच्या सायकलीला 'पोलिमुल्तिप्लिए' असे लांबलचक नाव रूढ केले. सेंत-एतियेनच्याच झोआनी पानेल याने बनवलेल्या डिरेलरचे नाव होते 'शमिनो', म्हणजे भटक्या. ही नावे पाहिली तरी त्या वर्तुळाची वृत्ती कळते.

१९०२ साली 'तूरिंग क्लब द फ्रान्स' या प्रवासी संस्थेने पिरेनीज पर्वतात सायकलींची एक चाचणी घेतली. तीत मार्त हेस नावाची स्त्री तीन वेगांच्या 'गोल्वाज' सायकलवर सहभागी झाली होती. ती सायकलवरून न उतरता, सायकल न ढकलता चढ पार करून गेली. या घटनेच्या पुढे अनेक आवृत्त्या झाल्या, तिने कोणाला हरवले याचे तपशील कथनागणिक रंगत गेले. परंतु तिने कोणालाही हरवले नसते तरी मुद्दा सिद्धच झाला होता. ज्या रस्त्यावर धट्टेकट्टे पुरुष सायकल ढकलत नेत, तिथे योग्य गिअर असलेली स्त्री सायकलवर बसून जाऊ शकते.

याला आक्षेप घेणारा तिसरा संपादक म्हणजे आँरी देग्रांज. १८९३ साली पॅरिसच्या ब्युफालो धावपट्टीवर एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून त्याने तासाचा पहिला अधिकृत विक्रम नोंदवला होता. धावपट्टीवरच्या सायकलला एकच गिअर असतो, फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पाय फिरलेच पाहिजेत. पुढे तो 'लोतो' या क्रीडा-दैनिकाचा संपादक झाला आणि त्या पत्राचा खप वाढवण्यासाठी १९०३ साली त्याने 'तूर द फ्रान्स' सुरू केली. बदलत्या गिअरविषयीचे त्याचे मत सायकलच्या इतिहासात वारंवार उद्धृत होते. त्याचा आशय असा की, असले गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत. यंत्राच्या युक्तीने जिंकण्यापेक्षा स्नायूंच्या बळावर जिंकणे श्रेयस्कर, आपण मऊ पडत चाललो आहोत, आणि त्याला स्वतःला एकच पक्का गिअर पुरेसा आहे.

देग्रांजने ही भूमिका आपल्या शर्यतीत नियमांच्या रूपाने राबवली. १९१० साली 'तूर' प्रथमच पिरेनीजच्या उंच घाटांवर गेली. तूर्माले खिंडीचा चढ न उतरता पार करणाऱ्या गुस्ताव गारिगूला खास बक्षीस मिळाले. ती शर्यत जिंकणारा ओक्ताव लापीझ मात्र काही वेळ बसून, काही वेळ चालत वर पोहोचला आणि वाटेत भेटलेल्या आयोजकांना त्याने खुनी म्हटले. १९१३ साली तूर्मालेच्या उतारावर यूजेन क्रिस्तॉफच्या सायकलचा फोर्क मोडला. दहा किलोमीटरांहून अधिक अंतर सायकल वाहून नेत तो सेंत-मारी-द-काँपाँ या गावी पोहोचला आणि लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. त्या वेळी एका मुलाने भाता चालवून त्याला मदत केली, आणि तेवढ्यासाठी त्याला दंड झाला. स्वाराने जे करायचे ते एकट्याने, परक्याच्या मदतीविना करायचे, हे तत्त्व इतक्या टोकाला नेले होते.

आता या नियमांमधली एक विसंगती पाहण्यासारखी आहे. दुतोंडी चाक 'तूर'मध्ये सर्रास चालत असे. म्हणजे गिअर बदलायला देग्रांजचा विरोध नव्हता. स्वार थांबून, थंडीने आखडलेल्या बोटांनी नट सोडवून, चाक उलटवून गिअर बदलणार असेल तर ते शौर्य. तोच बदल सायकलवर बसल्या बसल्या कळ ओढून झाला तर ती लबाडी. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने दोहोंत काहीच फरक नाही, दोन्ही वेळा साखळी लहान चक्रावरून मोठ्यावर जाते. फरक आहे तो दृश्याचा. पहिल्या प्रकारात कष्ट दिसतात, दुसऱ्यात ते दिसत नाहीत.

माझ्या मते या बंदीचे खरे स्पष्टीकरण इथे सापडते. देग्रांज एका शर्यतीचा आयोजक होता तसाच एका वृत्तपत्राचा संपादकही होता, आणि त्या काळी शर्यत पाहणाऱ्यांपेक्षा ती वाचणारे पुष्कळ अधिक होते. रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला स्वार क्षणभर दिसे. उरलेली सगळी शर्यत दुसऱ्या दिवशीच्या अंकात घडे. चिखलात सायकल ढकलणारा, भट्टीवर लोखंड तापवणारा, बर्फात चाक उलटवणारा नायक हा त्या कथनाचा कच्चा माल होता. महाकाव्याला संकटे लागतात. डिरेलर त्यांतले एक हमखास संकट काढून घेत होता. म्हणून देग्रांजची बंदी ही क्रीडानीतीइतकीच कथनाची गरज होती, असे म्हणावेसे वाटते.

अर्थात देग्रांजला केवळ हट्टी म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. सायकल कंपन्यांचा शर्यतीवरचा प्रभाव त्याला खरोखरच खुपत होता. चांगले यंत्र असलेली कंपनी जिंकेल, चांगला माणूस नाही, ही त्याची भीती निराधार नव्हती. १९३० साली त्याने कंपन्यांचे संघ रद्द करून राष्ट्रीय संघ आणले आणि सर्वांना आयोजकांच्या, निर्मात्याचे नाव नसलेल्या पिवळ्या सायकली दिल्या. समान साधनांनिशी माणसांची तुलना व्हावी, या आग्रहात एक न्याय आहे. मात्र समानतेसाठी सर्वांना एकच गिअर देता येतो, तसे सर्वांना अनेक गिअरही देता आले असते. त्याने पहिला मार्ग निवडला, कारण त्याच्या नजरेसमोर असलेला सायकलस्वार तरुण, पुरुष आणि धावपट्टीवर घडलेला होता. पंचेचाळिशीनंतरच्यांसाठी गिअर ठीक, हे विधान टोमणा म्हणून केलेले असले, तरी त्यात सायकल कोणाची याचे उत्तर दडलेले आहे. व्हेलोसिओच्या मासिकाचे वाचक नेमके त्या टोमण्यातले लोक होते. प्रौढ माणसे, स्त्रिया, सुट्टीच्या दिवशी डोंगर पाहायला निघालेले कारकून.

व्हेलोसिओ १९३० साली सेंत-एतियेनमध्ये ट्रामच्या धक्क्याने मरण पावला. १९३६ मध्ये आजारपणामुळे देग्रांजने शर्यतीची सूत्रे झाक गोदे यांच्याकडे दिली, आणि पुढच्याच वर्षी डिरेलरला परवानगी मिळाली. १९३७ ची 'तूर' जिंकणाऱ्या रोजे लापेबीच्या सायकलवर डिरेलर होता. गंमत अशी की, त्या वर्षी वाद पेटला तो प्रेक्षकांनी चढावर लापेबीला ढकलल्यावरून. स्वतःचे बळ कुठे संपते आणि परक्याचे कुठे सुरू होते, हा प्रश्न यंत्राकडून माणसांकडे सरकला होता. गिअरमुळे शर्यत सोपी होईल, ही भीतीही खोटी ठरली. सर्वांनाच गिअर मिळाल्यावर सगळेच अधिक वेगाने चढू लागले आणि दमणूक होती तिथेच राहिली.

पुढचा इतिहास हा साखळी उतरवण्याची क्रिया अधिकाधिक सुबक करत नेण्याचा आहे. इटलीत तुल्लियो काम्पान्योलोच्या बाबतीत अशी कथा सांगतात की, १९२७ च्या एका शर्यतीत क्रोचे दाउने खिंडीत गोठलेल्या बोटांनी त्याला चाकाचा नट सोडवता आला नाही, आणि त्यातूनच कळ फिरवताच चाक सुटे करणाऱ्या आसाची कल्पना त्याला सुचली. इतिहासकारांनी या कथेच्या तपशिलांवर शंका घेतल्या आहेत, पण खिंडीत स्मारक उभे आहे. त्याच्या 'काम्बियो कोर्सा' या पद्धतीत स्वाराने मागे हात नेऊन एका दांडीने चालत्या सायकलचे चाक सैल करायचे, उलटे पायडल मारत दुसऱ्या दांडीने साखळी सरकवायची आणि चाक पुन्हा आवळायचे. १९४८ ची 'तूर' जीनो बार्ताली याच कसरतीवर जिंकला. १९५० च्या सुमारास आलेल्या 'ग्रान स्पोर्त'ने समांतरभुज चौकोनाच्या आकाराची, तारेने ओढली जाणारी रचना रूढ केली. १९६४ साली जपानच्या सनटूर कंपनीच्या नोबुओ ओझाकी यांनी हा चौकोन तिरका केला, त्यामुळे साखळी लहानमोठ्या सर्व चक्रांच्या सारखीच जवळ राहू लागली. १९८४ मध्ये शिमानो कंपनीने 'टक्' असा आवाज होताच नेमका एक गिअर बदलणारी कळ आणली. तोवर साखळी कुठे थांबवायची ते स्वार कानाने आणि सवयीने ठरवत असे. ते कौशल्य त्या आवाजासरशी कालबाह्य झाले, आणि गिअरने माणूस मऊ पडतो ही जुनी कुरकुर त्या वेळीही कोणी ना कोणी केलीच असणार.

हबची परंपराही खंडित झाली नाही. जर्मनीच्या रोलॉफ कंपनीचा १४ गिअरचा हब १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या सर्वांत वरच्या आणि खालच्या गिअरमधले गुणोत्तर पाचपटींहून अधिक आहे. दोन्ही पद्धती आज शेजारी शेजारी नांदतात. हब बंदिस्त असतो, फारशी देखभाल मागत नाही, उभ्या सायकलवरही गिअर बदलू देतो. पण त्याची गुणोत्तरे कारखान्यात ठरून येतात आणि बिघाड झाला तर रस्त्यावर उघडून बसण्यात अर्थ नसतो. डिरेलर धूळ खातो, वाकतो, सतत लक्ष मागतो. पण त्याचे सगळे काम डोळ्यांसमोर चालते, आणि आपल्या घाटाप्रमाणे व वयाप्रमाणे मागची चक्रे बदलून घेता येतात. व्हेलोसिओच्या वाचकांना ते आपले वाटले यात नवल नाही. त्यात वाचकाला हस्तक्षेपाची जागा होती.

मुक्तछंदावर एके काळी घेतला गेलेला आक्षेप देग्रांजच्या आक्षेपाहून फार वेगळा नव्हता. बंधनाशी झगडताना झालेले कष्ट दिसत नाहीत, म्हणून ते झालेच नाहीत असे दोन्हीकडे गृहीत धरले गेले. अनेक गिअरच्या सायकलवर घाट चढलेल्या कोणालाही विचारावे. सर्वांत खालच्या गिअरवर पोहोचल्यानंतरही बराच चढ शिल्लक असतो, आणि तो आपल्यालाच चढावा लागतो. देग्रांजचा पक्का गिअर या शतकात अनेक शहरांतल्या तरुणांनी हौसेने पुन्हा स्वीकारला, त्यातही काही वावगे नाही. फक्त आता ती त्यांची निवड आहे. मार्त हेसला १९०२ साली नेमके तेवढेच हवे होते.